जिमची पहिली बंदूक

(द्वितीय वर्ष, कला)

मुलाच्या हाती शिकारीची पहिली बंदूक कोणती द्यावी, हा प्रश्न आपल्यापैकी कोणाच्या घरी निघण्याचा संभव नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातली हौसेची शिकार बंद झाली, आणि ते चांगलेच झाले. आमच्या घरी तर मुलाला पहिली सायकल कोणती घ्यावी, हा प्रश्नसुद्धा मी दहावी होईपर्यंत निघाला नव्हता! तरीही गेले काही महिने मी या बंदुकीच्या प्रश्नाभोवती घोटाळतो आहे. त्याला कारण जिम कॉर्बेट.

नरभक्षक वाघांचा शिकारी म्हणून कॉर्बेटचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या शिकारीच्या थरारक कथा आपल्याकडे आवडीने वाचल्या जातात. परंतु मला त्या थरारापेक्षा त्याचे बालपण अधिक विचार करायला लावणारे वाटले. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती बंदूक आली, आणि तो मुलगा बेफाम झाला नाही. उलट मोठेपणी त्याच हातांनी वाघाला वाचवण्याची भाषा लिहिली. हे कसे घडले? बंदूक निवडण्यात काही शहाणपण होते, की बंदूक देणाऱ्या माणसांत?

एडवर्ड जेम्स कॉर्बेट याचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. घराणे मूळ आयर्लंडचे, पण भारतात स्थायिक झालेले. वडील ख्रिस्तोफर विल्यम हे नैनितालचे पोस्टमास्तर होते. घरात मुलांची संख्या मोठी आणि पगार बेताचा. १८८१ साली वडील वारले तेव्हा जिम पुरता सहा वर्षांचाही नव्हता. कुटुंबाचा भार आई मेरी जेन आणि थोरला भाऊ टॉम यांच्यावर पडला. पुढे टॉमनेच वडिलांची पोस्टमास्तरची जागा सांभाळली. धाकट्या जिमला वडिलांच्या ठिकाणी उरला तो हा भाऊच. आपल्याकडेही बाप गेलेल्या घरात थोरला भाऊ एका रात्रीत म्हातारा होतो, हे खेड्यातून आलेल्या माझ्या मित्रांना समजावून सांगायला नको.

उन्हाळ्यात हे कुटुंब नैनितालला आणि हिवाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी कालाढुंगीला राही. कालाढुंगीचे घर जवळजवळ जंगलातच होते. जिम लहानपणी न्युमोनियाने फार आजारी पडला, तेव्हा त्याचे मन रमावे म्हणून टॉमने त्याला एक बेचकी दिली. हे त्याचे पहिले हत्यार. त्यानंतर मातीच्या गोळ्या मारण्याचे धनुष्य आले, बाण सोडण्याचे धनुष्य आले. बेचकीने पाखरू टिपायचे तर त्याच्या अगदी जवळ जावे लागते. जवळ जायचे तर वाळक्या पानावर पाय पडता कामा नये, वारा कोणीकडून येतो ते कळले पाहिजे, आणि पाखरू काय बोलते आहे तेही समजले पाहिजे. म्हणजे बंदुकीच्या आधीच या मुलाचे डोळे, कान आणि पाय शिकून तयार झाले होते.

स्टीफन डीझ नावाचे एक पक्षिप्रेमी गृहस्थ त्या काळी कुमाऊँच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहीत होते. जिम त्यांना पक्ष्यांचे नमुने आणून देई. त्याबद्दल खूश होऊन त्यांनी जिमला एक बंदूक बक्षीस दिली. हीच ती पहिली बंदूक! ती होती ठासणीची दुनळी, आणि तिची अवस्था काय वर्णावी? उजवी नळी बरीचशी फाटलेली, म्हणजे निकामी. दस्ता आणि नळ्या एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून पितळी तारेने करकचून बांधलेल्या. एखाद्या शहाण्या दुकानदाराने ती भंगारात काढली असती. पण आठ वर्षांच्या जिमला ती राजाच्या तलवारीसारखी वाटली.

मला वाटते, याहून चांगली बंदूक त्या वयाच्या मुलासाठी शोधूनही सापडली नसती. ठासणीच्या बंदुकीत तयार काडतूस घालायचे नसते. आधी नळीत मोजून दारू ओतायची, तिच्यावर बोळा बसवायचा, गजाने ठासायचे, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी टोपी बसवायची. इतके सगळे केल्यावर एकच बार! जिमची तर एकच नळी चालू. तो बार फुकट गेला की समोरचे जनावर काही पुन्हा ठासणी होईपर्यंत थांबत नाही. त्यामुळे नेम धरण्याआधी विचार करावा लागे. जवळ गेल्याशिवाय उपयोग नाही, घाई करून उपयोग नाही, आणि दारू-छर्रे काही झाडाला लागत नाहीत. हातातले साधन जितके अपुरे, तितके डोके अधिक चालवावे लागते. महागडी रायफल देऊन जे साधले नसते ते त्या फाटक्या नळीने साधले.

या बंदुकीची एक आठवण कॉर्बेट यांनी पुढे लिहून ठेवली आहे. लहानगा जिम एकदा रानकोंबड्यांच्या मागावर एका बोरीच्या झुडपापाशी दबकत गेला. एवढ्यात झुडूप हलले आणि पलीकडून एक वाघ बाहेर आला. वाघाने वळून या पोराकडे पाहिले, आणि हा कोण बारका प्राणी, असे मनाशी म्हणत असावा तसा चेहरा करून तो शांतपणे निघून गेला. तारेने बांधलेल्या त्या बंदुकीने वाघाला ओरखडाही निघाला नसता. जिमने बार टाकला नाही. वाघ वाटेस गेल्याशिवाय वाटेस जात नाही, हा पुढच्या सगळ्या आयुष्याला पुरेल असा धडा त्याला तिथे मिळाला.

कालाढुंगीजवळच्या चांदनी चौक गावचा मुखिया कुंवरसिंग हा जिमचा दुसरा गुरू. जातीने ठाकूर, जंगलात मुरलेला. जिमला बंदूक मिळाल्याचे पाहून त्याला आनंद झाला. पण नेमबाजीचे सोडून त्याने भलताच सल्ला दिला: आता तू कुठेही हिंड, मात्र आधी झाडावर चढायला शीक. बंदूक हाती आली की माणसाला आपण अजिंक्य झालो असे वाटू लागते. कुंवरसिंगाने पहिल्याच दिवशी त्या मुलाला जाणीव दिली, की जंगलात पळण्याची आणि लपण्याचीही वेळ येते.

इथे एक गोष्ट मनात खटकल्यावाचून राहत नाही. या कुंवरसिंगाची त्या भागात ख्याती होती ती चोरटा शिकारी म्हणून. १८७८ च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना मात्र त्यातून सूट होती. त्याच साली वनकायदाही आला आणि पिढ्यान् पिढ्यांचे जंगल सरकारी झाले. म्हणजे एकाच जंगलात, एकाच वाटेने, गुरू आणि शिष्य जोडीने चालत. पण आठ वर्षांचा शिष्य कायद्याच्या दृष्टीने शिकारी, आणि जंगलाचे अक्षर त्याला गिरवायला लावणारा गुरू मात्र चोर! जिमचा यात दोष नाही. तो तर मूल होता. तरीसुद्धा बंदूक कोणती द्यावी या प्रश्नाआधी बंदूक कोणाला मिळते हा प्रश्न असतो, आणि तो विसरून कॉर्बेटचे चरित्र लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

टॉमची शिकवण आणखी निराळी. त्याने जिमला एकदा अस्वलाच्या शिकारीला नेले. एका घळीपाशी त्याला बंदूक देऊन एकट्याला बसवले आणि स्वतः दूर निघून गेला. खात्री असल्याशिवाय बार टाकायचा नाही, ही ताकीद. थोड्या वेळाने खरोखरच अस्वल आले आणि समोरच्या ओकच्या झाडावर चढून फळे खाऊ लागले. भीतीने जिमचे अंग गारठले. त्याने बंदूक झाडली नाही. अस्वल पोटभर खाऊन निघून गेले. त्या दिवशीची शिकार शून्य! पण भीती काय चीज आहे आणि ती वाटत असतानाही जागेवर बसून कसे राहायचे, हे त्याला कळले. जिम रिकाम्या हाताने परतला असे वाटत असेल, तर मी म्हणेन की त्याने सर्वांत मोठी शिकार त्याच दिवशी केली.

दहाव्या वर्षी शाळेच्या छात्रपथकात असताना जिमने नैनितालच्या स्वयंसेवक रायफल दलाच्या मैदानावर नेमबाजी केली. लष्करातले एक बडे अधिकारी, जे पुढे फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स म्हणून प्रसिद्ध झाले, ते त्या वेळी पाहायला आले होते. दलाचा सार्जंट-मेजर हा मोठा कडक माणूस. मुले त्याला चळचळा कापत. त्याने पुढे जिमला बोलावून घेतले आणि .४५० बोअरची मार्टिनी रायफल वापरायला दिली. बार काढल्यावर खांदा निखळेल असा धक्का देणारी ही एकबारी रायफल. काडतुसे हवी तेवढी मिळणार होती, मात्र अटी दोन: रायफल स्वच्छ ठेवायची आणि वापरलेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी परत आणून द्यायची.

या दुसऱ्या अटीवर मी बराच वेळ थांबलो. रिकामी नळकांडी परत करायची म्हणजे प्रत्येक बाराचा हिशोब द्यायचा. किती झाडल्या, हे लपवता येणार नाही. देणाऱ्याने विश्वास टाकला, पण आंधळा टाकला नाही.

त्या हिवाळ्यात याच रायफलीने जिमने पहिला बिबट्या मारला. पहिल्या गोळीच्या धुरात बिबट्या दिसेनासा झाला. तो जखमी होता. दहा वर्षांच्या मुलाने त्या क्षणी घराकडे धूम ठोकली असती तर कोणी नावे ठेवली नसती. जिम रक्ताच्या ठिपक्यांचा माग काढत गेला आणि झुडपाखाली दडलेल्या त्या जनावराला दुसऱ्या गोळीने त्याने वेदनेतून मोकळे केले. जखमी जनावर तसेच सोडायचे नाही, हा शिकारीचा सर्वांत जुना आणि सर्वांत कठीण नियम. तो त्याने त्या वयात पाळला.

या नियमाचे मोल मला पुस्तकाआधी माझ्या आजाकडून कळले होते. आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून. शिकारबंदी होण्यापूर्वी बाहेरचे शिकारी येत, तेव्हा आजा हाक्याला जाई. हाती फक्त काठी आणि डबा. मचाणावरून गोळी सुटे. कधी वाघ लागे आणि निसटे. मग पाहुणे जीपमध्ये बसून परत जात, आणि दुखावलेला वाघ आमच्या वाट्याला राही. आजा सांगतो, अशा वेळी कित्येक दिवस बायका मोह वेचायला जात नसत, आणि जागलीवर जाणारा माणूस घरच्यांचा निरोप घेऊन जाई. ज्यांनी गोळी झाडली त्यांच्या कानांवर यातले काहीही गेले नसेल.

अशाच एका निष्काळजी गोळीची किंमत कुमाऊँने मोजली. चंपावतच्या वाघिणीने आधी नेपाळात आणि मग कुमाऊँत मिळून ४३६ माणसे मारली, असा आकडा नोंदवला गेला आहे. १९०७ साली कॉर्बेट यांनी ती मारली तेव्हा तिच्या तोंडातले उजवीकडचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. ती पूर्वी कोणाच्या तरी बंदुकीने केलेली जखम होती. सुळे गेल्याने नेहमीची शिकार साधेना, म्हणून ती माणसाकडे वळली. नेम चुकवून घरी गेलेला तो अज्ञात शिकारी कोण होता, हे इतिहासाला ठाऊक नाही. मरणाऱ्या बायाबापड्यांचा हिशोब मात्र गावोगाव राहिला. मुलाच्या हाती पहिली बंदूक देताना काय शिकवावे, याचे उत्तर या मोडक्या सुळ्यांत आहे.

त्या वेळी कॉर्बेट बत्तिशीत होते. शिक्षण अर्धवट सोडून ते रेल्वेत लागले होते, आणि बिहारमध्ये मोकामेह घाट येथे गंगेच्या काठी माल उतरवण्या-चढवण्याचे कंत्राट सांभाळत होते. मजुरांबरोबर राबण्यात त्यांची वीसहून अधिक वर्षे गेली. चंपावतच्या मोहिमेला होकार देताना त्यांनी सरकारपुढे दोन अटी ठेवल्या: वाघिणीवर लावलेली बक्षिसे रद्द करावीत, आणि इतर शिकारी व शिपाई मागे घ्यावेत. पैशासाठी वाघ मारणारा अशी ओळख त्यांना नको होती, आणि चुकून कोणाच्या गोळीला बळी पडायचीही इच्छा नव्हती. लहानपणी सार्जंट-मेजरने दोन अटी घातल्या होत्या. आता हा माणूस स्वतःला अटी घालून घेऊ लागला होता.

या मोहिमेचा शेवट तर विलक्षणच. हाक्यात गावोगावची शेकडो माणसे उभी होती. वाघीण समोर आली तेव्हा कॉर्बेट यांच्याजवळची मोजकी काडतुसे संपली. ती जखमी, हे निःशस्त्र. ते धावत तहसीलदारांकडे गेले, त्यांची बंदूक घेतली आणि परत आले. पाहतात तो ती इतकी जुनाट, की नळ्या आणि मागचा भाग यांच्यामध्ये चांगली फट पडलेली! शेवटचा बार त्याच बंदुकीने झाला, आणि नेम धरला तोंडावर तर गोळी लागली पंजाला. पहिल्याच जखमांनी वाघीण कोसळली. तारेने बांधलेल्या बंदुकीवर शिकलेल्या माणसाला मोडक्या बंदुकीचे भय वाटले नाही.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे उपराज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी त्यांना .२७५ ची रिग्बी रायफल भेट दिली. चंपावतच्या तहसीलदारांना बंदूक आणि मदत करणाऱ्या एका गावकऱ्याला शिकारी सुरा मिळाला. पुढे १९१० मध्ये पनारचा बिबट्या आणि २ मे १९२६ रोजी रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी मारला. या दुसऱ्याने आठ वर्षांत १२५ यात्रेकरू आणि गावकरी मारल्याची सरकारी नोंद आहे. मधल्या काळात, १९१७ साली, त्यांनी कुमाऊँचे पाचशे लोक जमवून पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर नेले.

कॉर्बेट निर्दोष होते असे मी म्हणणार नाही. १९३० साली त्यांनी पवलगढचा प्रचंड वाघ मारला, आणि तो नरभक्षक नव्हता. साहेबांच्या शिकारींतही ते सामील होत. परंतु हळूहळू त्यांच्या हाती बंदुकीऐवजी कॅमेरा आला. वाघाचे चित्रण करण्यासाठी ते तासन् तास ओढ्याकाठी बसत. लहानपणी बेचकीने शिकवलेले, जवळ जाण्याचे आणि निश्चल बसण्याचे सारे शास्त्र इथे पुन्हा कामी आले. १९३६ मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यामागे त्यांचेही प्रयत्न होते.

महाराष्ट्राशीही त्यांचे धागे जुळतात. त्यांचे कुमाऊँच्या नरभक्षकांवरचे पहिले गाजलेले पुस्तक १९४४ साली मुंबईच्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापले. त्याच सुमारास, सत्तरीच्या उंबरठ्यावर, ते छिंदवाड्याला सैनिकांना जंगलविद्या शिकवत होते. तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातले हे छिंदवाडा, म्हणजे आमच्या नागपूरच्या शेजारचेच.

१९४७ च्या अखेरीस बहीण मॅगीसह ते केनियाला गेले. जाताना छोटी हल्द्वानी हे आपले गाव त्यांनी तिथल्या कुळांच्या हवाली केले आणि एका विश्वासू शेतकऱ्याला एक बंदूक देऊन गेले. ती त्या गावाने आजवर जपली आहे. कुंवरसिंगाच्या मुलखातल्या एका शेतकऱ्याच्या हाती बंदूक ठेवून त्यांनी एक जुने देणे, थोडेसे का होईना, फेडले असे मला वाटते. १९ एप्रिल १९५५ रोजी केनियात न्येरी येथे त्यांचे निधन झाले. १९५७ मध्ये त्या राष्ट्रीय उद्यानाला कॉर्बेट यांचे नाव मिळाले, आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही तिथूनच झाली.

तर मुलाला पहिली बंदूक कोणती द्यावी? जिमच्या चरित्रातून मला मिळालेले उत्तर असे. अपुरी द्यावी, म्हणजे तो विचार करील. आधी झाडावर चढायला शिकवावे, म्हणजे तो फुगणार नाही. एकदा भीतीच्या समोर एकटे बसवावे. आणि अटीवर द्यावी. जिमच्या पाठीशी टॉम, डीझ, कुंवरसिंग आणि तो सार्जंट-मेजर असे चार जण होते. बंदूक एकट्याची होती, पण ती धरायला शिकवणारे हात चौघांचे होते.

आम्हा खेड्यातल्या मुलांना आज बंदूक नको आहे. आमच्या हाती पहिल्यांदाच पेन आले आहे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. हे साधनसुद्धा अपुरेच आहे. पुस्तके उसनी, इंग्रजी कच्चे, एसटी वेळेवर आली तर पहिला तास मिळणार. ते तारेने बांधून चालवावे लागते. याचे मला आता दुःख वाटत नाही. पण पेनही नेम चुकले तर माणसाला जखमी करते. शिकलेल्या माणसाने चुकीचा अर्ज लिहिला, खोटी नोंद केली, न वाचता सही ठोकली, तर त्याची किंमत दूरच्या गावात हाक्याला उभा असलेला कोणी तरी मोजतो, आणि सही करणारा जीपमध्ये बसून निघून गेलेला असतो.

म्हणून मला सार्जंट-मेजरची ती दुसरी अट फार आवडते. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन आम्हाला इथे पाठवले, त्यांनी कसलीच अट घातली नाही. बाबांना तर बी.ए. म्हणजे किती वर्षे, हेही नीट ठाऊक नाही. अट घालणारे कोणी नसले की ती आपणच घालून घ्यायची असते. साधन स्वच्छ ठेवायचे, आणि रिकामी नळकांडी मोजून परत करायची.